घरची माणसं शेवटी

बिडकीनच्या कडुबा साळवेला लोकांना शनी दाखवायचं वेड होतं. वेड हा शब्द त्याच्या बायकोचा, गोजरबाईचा. चितेगावच्या कंपनीत एकतीस वर्षं लेथ चालवलेला हा माणूस. सुट्ट्यांमध्ये काच घासून घासून त्यानं आरसा केला, तो जाड पीव्हीसी पाइपात बसवला आणि दुर्बीण उभी केली. गाव शनीला तेल वाहायचं, साडेसातीच्या नुसत्या नावानं चळाचळा कापायचं. कडुबा म्हणायचा, "ज्याला भेता, त्याला एकदा डोळ्यानं बघून तर घ्या." मग चौदा वर्षं तो दरसाल शाळेच्या मैदानावर शनी दाखवत आला.

पहिल्या साली त्यानं शनीचं कडं कसं असतं ते गोजरबाईला सांगितलं होतं. हातवारे झाले, कागदावर चित्र झालं. तिनं चुलीवरचं दूध उतरवलं आणि म्हणाली, "म्हंजी चुंबळीत ठेवलेली घागर." कडुबाला ते इतकं आवडलं की पुढं दरसाल माइकवर तो तेच सांगू लागला. चुंबळ आणि घागर सगळ्या पंचक्रोशीला पाठ झाली. स्वतः गोजरबाईनं मात्र शनी कधी पाहिला नव्हता.

त्याला कारण कडुबाचा नियम. लग्नाच्या पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात, तशी दुर्बिणीलाही घरची माणसं शेवटी. एका साली रांग संपेस्तोवर शनी लिंबामागं गेला. एका साली कडुबालाच रात्रपाळीची बस गाठायची होती. गोजरबाई पटांगणाच्या कडेला चहा उकळत बसायची आणि म्हणायची, "माझं काय, पुढल्या साली."

यंदा मात्र पुढल्या सालाची खात्री उरली नव्हती. काचबिंदूनं तिचा डावा डोळा नेला होता. उजव्यात दोन वेळा थेंब घालायचे. शहरातला डॉक्टर म्हणाला होता, जेवढं आहे तेवढं टिकवू. त्या दिवशी घरी येताना कडुबानं बसमध्ये थेंबांची बाटली मुठीत धरून ठेवली. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "यंदा तुला शनी दावतोच."

दिवाळी होऊन गेली तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून झिमझिम होती. शाळेतले विज्ञानाचे सम्यक सर म्हणाले, "काका, पुढं ढकलू." कडुबा कसला ऐकतो! संध्याकाळी सव्वाशे माणसं आली, तासभर काळं आभाळ बघून निम्मी घरी गेली. उरलेली चहाच्या आशेनं थांबली असावीत. पावणेआठला दक्षिणेला ढग फाटले आणि शनी लखकन वर दिसला.

रांगेत पहिला फकिरा किराणावाला. डोळा लावल्या लावल्या ओरडला, "कडुबा, लई गंडवलंस! चुंबळ कुठंय? ही तर नुसती रेघ."

"यंदा कड्याची कड आपल्याकडं हाय," कडुबा म्हणाला. "भाकर समोरून बघितली तर गोल, आडवी धरली की रेघ. पंधरा वर्षांतनं एकदा असं व्हतंय."

फकिराला काही ते पटलं नाही. गोजरबाई तेव्हा लांब, शाळेच्या व्हरांड्यात स्टोव्हला पंप मारत होती.

प्रत्येकाला अर्धा मिनिट. कडुबा मनगटावरच्या घड्याळात बघायचा, शनी सरकला की पाइपाला बोटानं ढकलायचा, पुढचा माणूस घ्यायचा. गोजरबाई चहा वाटून झाल्यावर पदराला हात पुशीत रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली. तिच्यापुढं सहा जण उरले, तेव्हा पैठणच्या बाजूनं ढगांची नवी फळी वर चढू लागली.

सम्यक सर कडुबाच्या कानाशी आले. "काकूंना पुढं घ्या ना. कोणी काही म्हणणार नाही."

खरंच कोणी म्हटलं नसतं. कडुबानं ढगाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि घड्याळाकडं पाहिलं.

"घरची माणसं शेवटी," तो म्हणाला.

नियम मोडला असता तर आभाळ काही कोसळलं नसतं. ते आधीच पुरेसं खाली आलं होतं. पण चौदा वर्षं मिरवलेला नियम चारचौघांत गिळायचा, तर घशाखाली उतरत नाही. सहावा माणूस बाजूला झाला आणि ढग शनीवर आला. गोजरबाई वाकली. पूर्ण अर्धा मिनिट ती तशीच वाकून राहिली.

"दिसला," ती उठत म्हणाली.

कडुबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ढग पातळ असेल, त्यातून दिसला असेल. घरी जाताना त्यानं विचारलं, "कसा व्हता?"

"कसा म्हंजी? चुंबळीतली घागर. ही एवढी गोल चुंबळ."

कडुबा चालायचा थांबला, मग पुन्हा चालू लागला. त्या रात्री त्याला झोप आली नाही. त्याला स्वतःचा राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

सकाळी डोळ्यात थेंब घालताना तो म्हणाला, "गोजर, यंदा चुंबळ नव्हती. रेघ व्हती."

ती डोळा मिटून पडून राहिली. "मला काय म्हाईत," ती म्हणाली. "तुमी तोंड एवढंसं करून उभं व्हता. मनलं, असू द्या."

पुढं आठ दिवस पाऊस राहिला. नवव्या दिवशी आभाळ निवळलं, तशी कडुबानं दिवेलागणीनंतर दुर्बीण दारातच मांडली. माइक नाही, रांग नाही. शेजारचा अभय बघायला आला, तर त्याला सांगितलं, "थांब. आधी घरची माणसं."

गोजरबाई वाकली.

"दिसतंय का?"

"हाय की. रेघ हाय, तुमी मनला तशी."

कडुबाचा चेहरा पडला. रेघ आपणच सांगून बसलो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. आता ती खरं बोलते की आपलं मन राखते, हे कळायला मार्गच उरला नव्हता. अर्धा मिनिट होऊन गेला. त्यानं बोटानं पाइप जरासा ढकलला.

"अवो," गोजरबाई डोळा न काढता म्हणाली, "रेघंच्या बाजूला ही बारीक टिकली कशाची?"

तो शनीचा चंद्र होता. त्याच्याबद्दल कडुबा तिला जन्मात कधी बोलला नव्हता. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि अभयला म्हणाला, "तू जेवून ये जा. येळ लागंल."