पेढ्यातली गोळी

"प्रसादाले कोणी नाही म्हणत नाही," असं म्हणत काका उजवा पंजा पुढे करायचे, त्यात पेढा असो की नसो. असे काका तुमच्याही पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एखादे असतीलच.

समता कॉलोनीतल्या जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. काका रेल्वेतून निवृत्त, मूळचे अमरावतीकडचे, गळ्यात तुळशीमाळ, घरात कांदासुद्धा वर्ज्य. काकू गेल्यावर घरात उरली ती लाली, रस्त्यावरून आणलेली तांबडी कुत्री. तिला रागवायचं हिंदीत, लाड मराठीत. ती दोन्ही भाषांत ऐकत नसे.

लालीच्या हृदयात जंत निघाले. ते डासांमुळे होतात हे कळल्यावर काकांनी घरभर जाळ्या बसवल्या. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! डॉक्टरांनी समजावलं, आधी महिनाभर अँटिबायोटिक, म्हणजे जंतांच्या अंगातले जिवाणू मरतात. मग जंत मारायची इंजेक्शनं. तोवर पळणं बंद. पाकीट देताना मी बजावलं, गोळी जेवणासोबत द्या, दुधासोबत नको, असर कमी होतो.

बाविसाव्या दिवशी काका ऐटीत आले. एकही नागा नाही. रोज सकाळी गोळी गोल बाजारातल्या ताज्या पेढ्यात, पेढा देवापुढे, मग लालीच्या तोंडात.

"काका, पेढा दुधाचाच असतो ना?"

"दूध कुठं देऊन राहिलो मी? पेढा देऊन राहिलो," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच खुर्चीत बसले.

कोर्स पहिल्यापासून सुरू झाला. आता हा माळकरी माणूस नाकाला रुमाल लावून चिकनच्या दुकानात उभा! कलेजी गच्चीवर वेगळ्या स्टोव्हवर शिजायची आणि गोळी तिच्यात जायची. देवाला काय सांगितलं, असं मी विचारलं.

"सांगायचं काय? त्याले वास येतेच," काका म्हणाले.

महिना पुरा झाला. पहिलं इंजेक्शन लालीनं सोसलं. पुढची झाल्यावर आठवड्यानं तिला धाप लागली आणि ती आमच्या टेबलावरच गेली. मेलेले जंत फुप्फुसात अडकू शकतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं.

काका बराच वेळ तिचे कान कुरवाळत बसले. मग डॉक्टरांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "भैया, त्या पेढ्यानं तर नाही ना?"

"नाही, काका." डॉक्टर तोंड उघडायच्या आत मी बोललो.

"हव," म्हणत होकाराची मान हलवून ते उठले.

ते वाया गेलेले बावीस दिवस हाती असते तर लाली वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी दूध म्हणालो होतो, पेढा म्हणालो नव्हतो.

काका आता बाजाराला जाताना वळसा घेतात, आमच्या गल्लीत फिरकत नाहीत. मला वाईट वाटतं. आणि खरं सांगू, बरंही वाटतं. त्यांनी पुन्हा विचारलं, तर तितक्या झटकन मला 'नाही' म्हणता यायचं नाही.