टँकर हे नाव मी ठेवलं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही – आणि तिच्यापाशी न बोललेलं फारसं काही उरलेलं नाही. मग तुमच्यापाशीच का? माहीत नाही. बसा जरा.

दिवसा मी शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी केबलवरच्या एका छोट्या खेळवाहिनीवर कबड्डीचं समालोचन करायचो. दुष्काळाची वर्षं होती. शहरात, आमच्या उस्मानपुऱ्यातही नळाची वाट बघावी लागायची, आणि सामन्याच्या मधे आम्ही पोहण्याचा तलाव असलेल्या नव्या फ्लॅटांच्या जाहिराती दाखवायचो. शहर चहूबाजूंनी वाढत होतं. नवा इनडोअर हॉल झाला होता, मातीच्या जागी मॅट आली होती – मैदानावर मारायला पाणी होतं कुठं? वरच्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसलो की मी स्वतःला भलताच मोठा समजायचो. माझी जीभ तिखट, आणि तिचा मला कोण अभिमान!

कैलास आमच्या संघात चढाई करायचा. खुलताबादकडच्या एका खेड्यातून यायचा. एरवी इतका चपळ, की पकडायला आलेले हवेत हात मारत राहायचे. त्या संध्याकाळी मात्र त्याचे पाय उचलतच नव्हते. पुन्हा एकदा तो गुण न घेता परतला, तेव्हा मी माइकवर म्हणालो, "आला, आला, आमचा टँकर आला! उशिरा आला आणि रिकामाच आला!"

हेडफोनमध्ये आमचा निर्माता खो खो हसला. ते हसू – काय सांगू तुम्हाला – मला चढलं. मग कैलासच्या प्रत्येक चढाईला मी तेच लावून धरलं.

इथवरचं सगळ्यांना माहीत आहे. ते नाव सगळीकडे झालं. पुढच्या सामन्यात प्रेक्षकांतून "ए टँकर!" अशा आरोळ्या आल्या. कैलासनं ओरडणाऱ्यांकडे पाहिलं नाही. त्यानं वर, माझ्या काचेकडे पाहिलं. त्यानंतर तो खेळायला आलाच नाही, आणि मी 'वैयक्तिक कारणामुळे संघात नाही' असं गोड आवाजात सांगून मोकळा झालो. अजूनही लोक भेटले की त्या विनोदाची आठवण काढतात, टाळीसाठी हात पुढे करतात. मी टाळी देतो.

विनोद होता, चुकून लागला – असं म्हणता आलं असतं, नाही का? कितीतरी वर्षं मी स्वतःची अशीच समजूत घालत आलो.

पण मला माहीत होतं.

सामन्याआधी खेळाडूंशी चार शब्द बोलून घ्यायची आमची रीत. खेळ थांबला की सांगायला काहीतरी हाताशी लागतं ना? म्हणून मीच कैलासकडे गेलो होतो. मॅटच्या कडेला बसून तो गुडघ्याला पट्टी बांधत होता. तळहात सोलवटलेले.

"सर, आज पाय लई जड हायेत," तो म्हणाला. "पहाटंपासून विहिरीवर व्हतो. टँकर विहिरीत पाणी ओतून गेला की समदं गाव तुटून पडतं. घरात बाळंतीण हाय, पाणी लागतंच. शेंदून शेंदून हात गेले." मग जरा घुटमळला. "गावात समदे टीव्हीपुढं बसलेत. नाय जमलं खेळाय, तर तेवढं सांगा सर. नायतर म्हणतील, शहरात जाऊन माजला."

मी मान हलवली. सांगतो म्हणालो.

आता कळलं? टँकर हा शब्द मला सुचलेला नव्हता. तो मी कैलासच्या तोंडून उचलला होता. त्यानं सांगायला दिलेलं एक वाक्य माझ्यापाशी होतं – साधं, खरं – आणि ते सांगायला श्वासभर वेळ पुरला असता. मी सांगितलं नाही. आठवलं नाही असं नाही हो. प्रत्येक वेळी आठवत होतं, आणि प्रत्येक वेळी मी हेडफोनमधल्या हसण्याची वाट बघत होतो. याची मला फार लाज वाटते. रडूही येतं कधी कधी, पण त्या रडण्याचा कैलासला काय उपयोग?

आणि एवढ्यावरही ते संपत नाही.

काचेआड मी काय बोलतो ते खाली हॉलमध्ये ऐकू जात नसे. सामना हरल्यावर कैलास पिशवी खांद्याला लावून वर माझ्या खोलीच्या दाराशी आला. चेहरा उतरलेला, तरी हसायचा प्रयत्न करत होता.

"सांगितलंत ना सर?"

मी म्हणालो, "हो, सांगितलं."

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पडू दिलं. मग एसटी धरून तो गावी गेला. तिथं सगळ्यांनी ऐकलं होतं.