किनाऱ्यावरची चिल्लर

रविवारी संध्याकाळी आमच्या गावच्या किनाऱ्यावर नवऱ्याच्या अस्थी सोडताना सुमनकाकूंच्या बोटातली त्याची सैल सोन्याची अंगठी वाळूत पडली. शेजारचा दिनेश धातू शोधायचं यंत्र घेऊन आला. भरती चढू लागली होती.

इथे अस्थी सोडणारा प्रत्येक जण समुद्राला एक नाणं वाहतो, त्यामुळे यंत्र पावलापावलाला बोलत होतं. मोठा आवाज आला की दिनेश वाळू उकरायचा. बारीक कुरकुर आली की पुढे सरकायचा.

"इथे बघ ना रे," काकू म्हणाल्या.

"काकू, ती चिल्लर आहे. सगळी उपसत बसलो तर समुद्र काय थांबणाराय?"

मेलेल्यांची वाट सुकर व्हावी म्हणून टाकलेली ती नाणी आता एका जिवंत बाईच्या आड येत होती. श्रद्धेने सोडलेलं आणि हातून निसटलेलं, वाळू दोन्ही सारखंच गिळते.

पाणी गुडघ्याला लागल्यावर दिनेश वर आला. खात्रीसाठी त्याने आपलीच सोन्याची अंगठी काढून कोरड्या वाळूत पुरली आणि वरून यंत्र फिरवलं. बारीक कुरकुर आली.