वळणावर टाकलेले हुलगे

चिक्कम्मा म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, केंचम्मा. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. नववीत मी मास्तरांना पट्टी फेकून मारली आणि घरी आले, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "लागली का?"

"नाही."

"मग शाळा सोडून उपयोग काय झाला?"

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याबरोबर शेतात.

आमच्या सिरा तालुक्यात जानेवारीत सगळेच हुलग्याच्या वाळल्या वेली हायवेवर अंथरतात. वरनं चाकं गेली की शेंगा फुटतात, मळणी फुकटात. पोलीस येऊन ओरडतात, मग दोन दिवस कुणी अंथरत नाही. तिसऱ्या दिवशी परत. कुणी वेली चुकवून कडेनं गाडी काढली की चिक्कम्मा भडकायची. "ए, टायरला मेंदी लावलीस काय रे? वरनं जा!" ड्रायव्हर हसायचे आणि खरंच वरनं जायचे.

पण थर पातळ पाहिजे, आणि वळणावर एक काडी टाकायची नाही. त्यात ती कुणाचं ऐकायची नाही. दुसऱ्यांनी टाकलेलं असलं तर स्वतः ओढून काढायची. "ब्रेक लागत नाही त्याच्यावर, नेत्रा. तेलासारखं घसरतं."

त्या दिवशी ती झाडाखाली पाणी प्यायला गेली, आणि उरलेला सगळा ढीग मी वळणावर लोटला. गुडघाभर. मला मैत्रिणीबरोबर सिऱ्याला जायचं होतं आणि कंटाळा आला होता. कारण एवढंच.

ती आली ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, वाकून दाणे झाडत, पाठ वळणाकडं. तिला ढीग दिसलाच नाही. मला टँकर दिसला.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. चाकं थांबली, टँकर थांबला नाही. वेली पुढं ढकलत आडवा होत सरकत आला, आणि आवाजच नाही. टायर किंचाळले असते तर तिनं तरी वळून बघितलं असतं. मी ओरडले. काय ओरडले, माहीत नाही. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि टँकर आमच्या मधे आला.

धूळ आणि भुसा. वाकून खाली बघितलं तर मागच्या चाकाखाली तिचा निळा पदर. नुसता पदर, का तीपण, कळेना. ओढून बघायची हिंमत होईना. ओढला आणि हाताला जड लागला तर?

ड्रायव्हर म्हातारा होता. उतरून "अम्मा, अम्मा" करत पलीकडं पळाला. मी त्याच्या मागनं गेले, पण त्याच्या तोंडाकडंच बघत, खाली बघवेना. तो डोकं धरून मटकन खाली बसला.

मला वाटलं, संपलं.

"बसलास काय?" चरातनं आवाज आला. "माझा पदर सोडव. अशीच गावात जाऊ?"

मी चरात उडी मारून तिला मिठी मारली.

"सोड गं! टँकरनं मोडलं नाही ते हाड तू मोडशील." कोपर सोललं होतं. ओठ पांढरे पडले होते. "तुझं तोंड बघितलं आणि उडी टाकली. मागं बघितलंच नाही."

माणसं जमली. ड्रायव्हर उठला. "वळणावर कुणी टाकलं हे?"

मी तोंड उघडलं.

"मी," चिक्कम्मा म्हणाली.

"तू, केंचम्मा?" शेजारचा गिड्डप्पा म्हणाला. "आम्हाला अक्कल शिकवतेस आणि स्वतः?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं गिड्डप्पाचं ऐकून घेतलं आणि वेली ओढायला लागली.

सगळ्यांनी मिळून वळण साफ केलं. टँकर गेला. माणसं गेली. घर रस्त्यापलीकडं, समोर दिसत होतं. रस्ता रिकामा होता. चिक्कम्मानं पाऊल उचललं आणि मागं घेतलं.

"येतंय एक."

काही येत नव्हतं.

"चल ना, मी आहे."

तिनं परत पाऊल उचललं. परत मागं.

मग आम्ही हायवेखालनं पलीकडं जाणाऱ्या बोगद्याकडं निघालो, दीड किलोमीटर, हायवेपासून लांब, शेतातनं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

"चिक्कम्मा, तो ढीग मी..."

"माहीत आहे. पुढं बघून चाल."