कढीपत्त्याचा हवापालट

ईस्टरची जोडून सुट्टी आली की इथले डच लोक स्पेनला जातात. मी कढीपत्त्याला घेऊन एनस्खेडेला गेले.

त्याचं असं झालं. हूफडॉर्पच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी उत्तरेला. बी रुजवून वाढवलेलं माझं झाड चार हिवाळे हीटरशेजारी बसून या मार्चमध्ये अगदी मलूल झालं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची, मृणालची एनस्खेडेतली बाग भर उन्हातली. गाद्यांना, पापडांना, लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवलं की बरं असतं, मग झाडाला का नाही? चार दिवस हवापालट करून आणते, असं मी जाहीर केलं. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, की परतीचं तिकीट दोघांचं काढलंय का.

जाणाऱ्यांसाठी माहिती: शिफोलला गाडी बदलायची, मग सरळ एनस्खेडे. सायकलला वेगळं तिकीट लागतं, कुंडीला लागत नाही. कुंडी मात्र टोपल्याएवढी असेल तर बाजाराची ट्रॉली न्या आणि दारापाशी बसा. स्टेशनवरची कॉफी महाग आणि पातळ, म्हणून मी धपाटे नेले होते. डेव्हेंटरला नदी ओलांडताना काठच्या कुरणात आपल्या टिटवीची शेंडीवाली बहीण दिसली. मी कौतुकाने झाडाची कुंडी खिडकीकडे वळवली. समोरच्या बाईंनी जागा बदलली.

मृणालच्या बागेत वसंत अगदी उतू चालला होता. पिवळे डॅफोडिल, फुलांनी वाकलेला मॅग्नोलिया, लाकडी घरट्यात सारखी आत-बाहेर करणारी टिट पक्ष्यांची जोडी. धुराड्यावर काळा पक्षी इतका सुरेल गात होता की मी त्याला कोकीळ ठरवून व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलाही. शेजारच्या आनेके आजींनी कुंपणावरून सांगितलं की तो मेरल, म्हणजे इथला कस्तुर. कुंडीकडे बघून हेही सांगितलं की नाजूक झाडं मेच्या मध्यापर्यंत बाहेर ठेवत नाहीत, रात्री अजून गोठतं. मी मान डोलावली आणि झाड आणखी थोडं उन्हात सरकवलं. रात्री आत घेऊच की. गप्पांत ते राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी कुंडीत बदकीण बसली होती.

दिसायला साधी, तपकिरी. माझ्याकडे तिने अशा नजरेने पाहिलं की मीच "सॉरी" म्हणाले. ती उडून गेल्यावर खोडाशी पाहिलं तर हिरवट पांढरं अंडं. रविवारी दुसरं. आनेके आजींना केवढा आनंद झाला! मग त्यांनी शांतपणे सांगितलं की इथे अंडी असलेलं घरटं हलवायचं नसतं, आणि हलवलं तर ती बहुतेक सोडूनच जाईल.

म्हणजे झाड परत येणार नव्हतं. पुन्हा थंडी सांगितली होती. बागेतली अवजारांची शेड दहा पावलांवर होती, ट्रॉली तयार होती, आनेके आजी चर्चला गेल्या होत्या. मी कुंडीला हातही लावला.

"बाळंतपणाला आलीय ती," मृणाल मागून म्हणाली. "तिला उठवणार आहेस?"

"अगं, झाड माझं आहे."

"हो, पण कुंडी आता तिची आहे."

आमच्या आईने घरी आलेल्या बाळंतिणींसाठी स्वतःची खोली कितीदा सोडली होती, ते नको त्या वेळी आठवलं. मी हात काढला. बदकीण बाहेर गेलेली पाहून झाडाभोवती काठ्या रोवल्या आणि माझी लोकरी शाल वरून बांधली, खाली तिला यायला जागा ठेवून. मृणालने करवंटीत पाणी ठेवलं. शाल झाली, श्रीफळ झालं, म्हटलं आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत. हसत निघाले, पण गाडीत रिकामी ट्रॉली गुडघ्याशी धरून चक्क रडले. समोरच्या माणसाने रुमाल दिला. झाडासाठी रडतेय हे त्याला सांगायचा धीर झाला नाही.

शाल थंडीला पुरली नाही. मृणालच्या फोटोंत पानं आधी काळी पडली, मग गळली. त्याच फोटोंत बदकीण ढिम्म बसून होती. मे संपता संपता ती पिल्लांची रांग घेऊन बागेमागच्या कालव्यात उतरली आणि मी कुंडी आणायला गेले. आनेके आजी म्हणाल्या की जागा आवडली तर ही मादी पुढच्या वर्षीही तिथेच येते.

आता कुंडी घरी आहे. मातीत बदकिणीची मऊ पिसं, मध्ये झाडाची उरलेली एक काडी. नवरा म्हणाला, उपटून टाकूया का? मी बुडाशी नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

काल ती काडी नव्या कुंडीत लावली. जुनी मात्र धुतली नाही, पिसांसकट कोपऱ्यात ठेवली आहे. पुढच्या ईस्टरला झाड घरीच राहील. मी रिकामी कुंडी घेऊन एनस्खेडेला जाणार आहे.