तिसरं काडतूस

चांगदेव गांगुर्डे बंदुका दुरुस्त करायचे, पण घरात उंदीर निघाला तर तो पिंजऱ्यात धरून रुळांपलीकडे सोडून यायचे. कल्याणच्या कोळसेवाडीतल्या त्यांच्या चाळीला याची फार गंमत वाटे. त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणायच्या, "हे घरी यायच्या आत उंदीर येऊन बसलेला असतो."

मूळचे ते फिटर. मानपाड्याला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षं होते. कारखाना बंद पडल्यावर ठाण्याला कोर्टाजवळच्या, परवाना असलेल्या एका जुन्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात लागले. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाकडून काम शिकले आणि उस्ताद गेल्यावर दुकानाचे मुख्य कारागीर झाले. मी तेव्हा ठाण्यातल्या एका लहानशा रायफल क्लबचा चिटणीस होतो. आमच्या रायफली त्यांच्याचकडे जायच्या, म्हणून ओळख. बोलणं कमी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नखांत कायम तेल.

सत्त्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात मी त्यांना क्लबच्या मैदानावर बोलावलं. आमच्याकडे एक जुनी पॉइंट टू-टू रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायचा, की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत जातं. मॅगझिनमध्ये पाच काडतुसं बसत. ही रायफल मधेच अडकायची, आणि अडकायची ती बहुतेक मंजुळाच्याच हातात.

मंजुळा तांडेल डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी. कॉलेजात एनसीसीत असताना तिला नेमबाजीचा नाद लागला. आधीच्या वर्षी जिल्ह्याच्या संघाच्या निवडीत, एका मिनिटात पाच गोळ्या मारायच्या फेऱ्यांत, तिची रायफल तीनदा अडकली. न झाडलेल्या गोळ्या चुकलेल्या धरल्या गेल्या आणि तिचं नाव गळलं.

आमचे प्रशिक्षक बाबुराव हे निवृत्त हवालदार. त्यांचं मत पक्कं होतं. "बाईमाणसाचा हात आहे. बोल्ट दबकत दबकत ओढते. रायफलीला दबकणारा हात चालत नाही." त्यांनी स्वतः रायफल घेतली आणि धडाधड पाच गोळ्या मारून दाखवल्या. एकही अडकली नाही.

चांगदेवांनी मात्र आधी रायफलीला हातच लावला नाही. ते मंजुळाकडे वळले.

"कितवी अडकते गं?"

"तिसरी," ती लगेच म्हणाली. "कायम तिसरी. कधी कधी चौथी. पयल्या दोन कधीच नाय अडकत, काका."

"हवालदारांना सांगितलंस हे?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, तिसरीला तुझा दम संपतो."

बाबुराव मिशीवरून हात फिरवत दुसरीकडे बघू लागले. चांगदेव हसले नाहीत. ते म्हणाले, "हात कमी पडत असता तर कधी पहिली अडकली असती, कधी पाचवी. हे मोजून अडकतंय. दोष लोखंडात आहे."

पण लोखंडात कुठे, ते लगेच सापडलं नाही. त्या दिवशी त्यांनी नळीचं मागचं तोंड, जिथे काडतूस जाऊन बसतं, ते ब्रशनं घासून काढलं. आतून शिशाचा आणि मेणाचा काळा थर निघाला. आम्हाला वाटलं, झालं काम. मंजुळानं पुन्हा पाच काडतुसं भरली. एक, दोन, आणि तिसरं अडकलं. चांगदेवांनी ते काडतूस हातात घेऊन उन्हात धरलं. शिशाचं टोक खालून चेपलं होतं.

पुढच्या रविवारी ते आले ते सोबत बिनदारूची काडतुसं घेऊन. ती त्यांनी मेणबत्तीच्या काजळीत काळी केली होती. एकेक काडतूस बोल्टनं पुढे सरकवायचं, बाहेर काढायचं आणि काजळी कुठे खरवडली गेली ते बघायचं. पहिल्या दोहोंवर नुसती पुसट रेघ. तिसऱ्याची काजळी टोकाच्या खालच्या बाजूनं पार निघालेली.

"हे मान खाली घालून चाललंय," ते म्हणाले. "पुढे नळीच्या तोंडात जायचं सोडून खालच्या काठावर आपटतंय." मग एकदम मान वर करून विचारलं, "हिचं दुसरं मॅगझिन आहे ना?"

होतं. एकाच रायफलीची दोन मॅगझिनं. मी ते आणून दिलं. त्यातून दहा वेळा काडतुसं चढवली, एकही अडकलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्लबमधले जुने लोक सकाळी लवकर येत आणि पेटीतलं वरचं, चांगलं मॅगझिन उचलत. मंजुळा ड्यूटी संपवून शेवटी यायची. तिच्या वाट्याला कायम उरलेलं मॅगझिन. बाबुरावांनी पाच गोळ्या मारून दाखवल्या होत्या त्याही त्या चांगल्या मॅगझिननंच. निवडीच्या दिवशी पेटी मीच नेली होती आणि हाताला लागलं ते मॅगझिन तिला दिलं होतं. हे आठवल्यावर मला चहा गोड लागेना.

त्या रविवारी मंजुळाची दुपारची पाळी होती, त्यामुळे ती तेवढ्यात ड्यूटीसाठी निघून गेली होती. चांगदेवांनी ते खोडीचं मॅगझिन टेबलावर घेऊन तळाचं झाकण सरकवलं. आतली स्प्रिंग बाहेर आली, तिच्यावरची काडतुसं वर ढकलणारी पट्टी बाहेर आली. त्यांनी स्प्रिंग डोळ्यांजवळ धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग झाकणाची आतली बाजू बघितली आणि ते एकदम थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं. आत सुईनं कोरलेलं बारीक अक्षर होतं, 'चां. ८२'.

"हे माझं काम आहे," ते म्हणाले. "ब्याऐंशी साली साफ करून मीच जोडलं होतं. स्प्रिंग उलटी बसवली आहे. मागचं टोक पुढे. मॅगझिन भरलेलं असतं तोवर स्प्रिंग दबलेली असते, म्हणून चालून जातं. दोन काडतुसं निघाली की जोर ओसरतो, पट्टी पुढून खाली झुकते आणि तिसरं काडतूस नाक घासतं."

बाबुराव खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "गांगुर्डे, सरळ करून टाका आणि विसरा. माझंही चुकलं, तुमचंही चुकलं. कोणाला कळतंय?"

"तिला कळायला पाहिजे," चांगदेव म्हणाले. त्यांनी मॅगझिन तसंच, उलट्या स्प्रिंगसकट, पुन्हा जोडलं आणि रुमालात बांधून ठेवलं.

पुढच्या रविवारी सगळे जमलेले असताना त्यांनी मंजुळाला टेबलाशी बोलावलं, मॅगझिन तिच्यापुढे उघडलं आणि कोरलेलं अक्षर दाखवून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत बोलले. मंजुळा स्प्रिंगकडे बघत राहिली.

"म्हंजे माझा हात नाय?"

"हात तुझा चोख आहे."

ती हसली, आणि लगेच तिचा चेहरा बदलला. "गेल्या सालची टीम गेली ना माझी, काका. घरी काय काय बोलले लोक. मच्छी विकायची सोडून बंदुका उडवते म्हणाले."

"गेली," चांगदेव म्हणाले. "ते मला भरून देता येणार नाही. चूक माझी होती, एवढं सगळ्यांसमोर सांगता येतं, ते सांगतो."

मग बाबुराव उठले. घसा खाकरून म्हणाले, "मंजुळा, दमाचं मी बोललो होतो. ते मागे घेतो." हवालदारांच्या तोंडून असं वाक्य क्लबात कोणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

चांगदेवांनी स्प्रिंग तिच्याच हातात दिली. "तूच बसव. यापुढे दुसऱ्याच्या जोडणीवर विसंबू नकोस. माझ्यासुद्धा." तिनं दोन्ही टोकं बोटांनी चाचपली, पट्टीखाली नीट बसवली, झाकण सरकवलं. जाळ्याची गाठ मारणारी बोटं ती, एका दमात काम झालं. पाच काडतुसं भरून ती चटईवर पालथी झाली. एक, दोन, तीन, चार, पाच. बोल्टचा आवाज घड्याळासारखा आला. पाचही गोळ्या काळ्या वर्तुळात होत्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

जानेवारीत ती जिल्ह्याच्या संघात आली, आणि मार्चमध्ये राज्य स्पर्धेत तिसरी. पदक घेऊन ती आधी कोळसेवाडीत गेली. सोबत खाडीतल्या चिंबोऱ्या, सुतळीनं नांग्या बांधलेल्या. मलाही बोलावणं होतं. शांताबाईंनी चिंबोऱ्या कधी केल्या नव्हत्या, म्हणून मंजुळाच पदर खोचून चुलीपाशी बसली आणि दोघींची मसाल्यावरून अर्धा तास हुज्जत चालली. एक चिंबोरी सुटून पलंगाखाली गेली. चांगदेव फडकं घेऊन तिला धरायला वाकले, बोटाला चिमटा बसला, आणि शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन हसू लागली.

पुढे ब्याण्णवमध्ये मंजुळा क्लबची प्रशिक्षक झाली. चांगदेव पंच्याण्णवला निवृत्त झाले, तरी महिन्यातून एखादा रविवार मैदानावर येऊन बसत. सावलीत खुर्ची, मांडीवर वर्तमानपत्र. मी एकदा विचारलं, आता काय काम काढून येता? म्हणाले, "काम कसलं? बोल्टचा आवाज ऐकतो. कुठे अडकलं नाही की बरं वाटतं." मग पान उलटून शब्दकोडं सोडवायला लागले, आणि एका आडव्या शब्दासाठी माझ्याकडे पेन मागितलं.