जावयानं मापलेला बैल

आमच्या जावयासारखा माणूस मेडशी गावात पाय ठेवून गेला नाही अन् जाणारबी नाही, हे मी चौथी शिकलेला म्हातारा छातीवर हात ठेवून लिहितो. पुण्यात ते काँप्युटरवर वाकड्या वस्तूंना त्रिकोणांची जाळी चढवतात, मग ती जाळी उकलून कापडासारखी सपाट अंथरतात. त्याचा पगार मिळतो, याचंच मला नवल. सासुरवाडीला आले तरी हात स्वस्थ नाही. पपईची साल एकसंध सोलून ताटात दाबत बसतील. फाटली की स्वतःच टाळ्या वाजवतील. भोपळ्यावर त्रिकोण, घागरीवर त्रिकोण. एका दुपारी जाग आली तर खडू घेऊन माझ्या टकलावर वाकलेले! म्हणतात, "मामाजी, हलू नका. वळण जास्त तिथं त्रिकोण बारीक लागतात, अन् तुमचे कान लय वळणाचे आहेत." आमची म्हातारी तोंडात पदर कोंबून हसून राह्यली होती.

गावातल्या बैलांच्या झुली मीच शिवतो, नुसत्या नजरेनं. पण गेल्या पोळ्याला नजरेनं दगा दिला. आमच्या चांद्याचीच झूल वशिंडावर चुरगळली, अन् पोळा दोन दिवसांवर. साऱ्या गावापुढं माझीच फजिती होणार! जावई म्हणाले, "मी माप काढतो."

"तुमी बैलाले कधी हात तरी लावला काय?"

हात नाहीच लावला. मोबाईलवर फोटो काढत गोठ्यात चांद्याभोवती फिरले, पाठीची जाळी केली, कुठं कापायची ते ठरवून कागदावर उतरवली. त्याबरहुकूम मी नवी झूल शिवली. एक सुरकुती नाही! मी त्यांना दोनदा चहा पाजला.

मिरवणुकीत चांद्यानं मान वर केली अन् वशिंडावर टाके टर्रकन उसवायला लागले. फोटो काढताना बैल गव्हाणीत तोंड घालून होता. झूल बसली ती खाणाऱ्या बैलाला! "मामाजी, टोपलं आणा!" जावई ओरडले. मग साऱ्या गावातून सरकीच्या ढेपेचं टोपलं चांद्याच्या तोंडाखाली धरून जावई उलटे चालले, अन् बाजूनं मी, मिशीला पीळ देत.

"काहून गा, बैल उपाशी ठेवला होता काय?" कोणी तरी खिजवलं.

"आमच्या घरी बैलाले जावई चारतेत! तुमच्या घरी हाये काय असा?"

दिवाळीनंतर चांद्या आजारानं गेला. पुढं जावयांचा फोन आला, "मामाजी, ते माप पुसू का? काँप्युटरमध्ये जागा अडते."

"राहू द्या," एवढंच म्हटलं.

आता दर रविवारी फोनवर चांद्याची ती पाठ हळूहळू फिरवून दाखवतात. मी चष्मा पुसतो अन् म्हणतो, "जरा डाव्या अंगानं दाखवा. तिथं खाजवलं की त्याले बरं वाटे."